लाकूड तुमचं तुम्हीच ठेवा, गुर्जी

गेल्या महिन्यात, मृग लागायच्या आठ दिवस आधी, परसातल्या लिंबाची एक फांदी उतरवून घेतली. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंब. सरबताचं ते लिंबू.) फांदी चांगली मांडीएवढी जाड. दोन वर्षांत शेजाऱ्यांच्या पत्र्यावरून सरकत सरकत विजेच्या तारेपाशी पोचली होती. वारा सुटला की चर्रकन ठिणगी पडायची. पुण्याहून मुलगा रोज फोनवर विचारायचा, "बाबा, फांदीचं काय केलंत?" शेवटी माणूस बोलावला.

माणूस म्हणजे माझाच एक जुना विद्यार्थी. आता चाळिशीचा आहे. झाडं छाटायची, पाडायची गुत्ती घेतो. चार माणसं, एक छोटा टेम्पो, दोन कटर, दोराची भेंडोळी असा त्याचा संसार. आला, पाया पडला, चहा नको म्हणाला आणि झाडाला एक फेरी घातली. गंमत म्हणजे वर त्याने फार वेळ पाहिलं नाही. खाली पाहत होता. शेजाऱ्यांचा पत्रा, आमची पाण्याची टाकी, तुळशीवृंदावन, तार. मग म्हणाला, "गुर्जी, साडेतीन हजार होतील. लाईनमनला तेवढं सांगून ठेवा, तार बंद झाल्याबिगर मी पोराला चढवत नसतो."

मी सवयीने विचारलं, "आणि लाकूड?"

"लाकूड तुमचं तुम्हीच ठेवा, गुर्जी. न्यायचं असलं तर टेम्पोचे पाचशे येगळे."

मंडळी, मी दोन मिनिटं गप्पच झालो. साडेतीन हजार जास्त वाटले म्हणून नव्हे. लाकूड नेण्याचे पैसे मी द्यायचे, हे काही केल्या डोक्यात शिरेना. माझ्या लहानपणी झाड तोडणारा आपल्याला पैसे देत असे. मी नोकरीला लागलो तेव्हा तो फुकट तोडून देई आणि लाकूड नेई. आता पैसेही मीच द्यायचे, लाकूडही मीच सांभाळायचं. सत्तर वर्षांत हा व्यवहार पुरता उलटा झाला, आणि माझ्या लक्षातही आलं नाही. त्या दिवसापासून डोक्यात हाच विषय घोळतो आहे, म्हणून आज तो लिहून काढतो.

आधी त्या "गुत्त्या"बद्दल. पुण्यामुंबईकडचा माणूस कंत्राटदार म्हणतो, कुणी ठेकेदार म्हणतात. आमच्या नांदेड-लातूरकडे मात्र गुत्तेदार. तेलुगूत गुत्त, कन्नडात गुत्तिगे, आणि आम्ही त्या दोघांच्या शेजारात. शब्द निजामी राज्याच्या कारभारात रुळला आणि राज्य गेलं तरी राहिला. पुलाचा गुत्तेदार, रस्त्याचा गुत्तेदार, मंडपाचासुद्धा गुत्तेदार. पण आमच्या वडिलांच्या पिढीला नुसतं "गुत्तेदार" म्हटलं की एकच आठवे, शिंदीचा.

निजामाच्या तिजोरीत आबकारीचं उत्पन्न फार मोठं असे. शिंदीच्या झाडांतून रस काढून विकण्याचा हक्क लिलावात दिला जाई आणि तो घेणारा हा गुत्तेदार. ओढ्याकाठी, नदीकाठी शिंदीची बनं असत. आमच्या मन्याडच्या काठालाही असत. झाडावर चढणारा वेगळा. कंबर आणि खोड यांना मिळून एक जाड दोराचा वेढा, कमरेला कोयता, पाठीशी मडकं. वेढा वर सरकवायचा, पाय रोवायचे, पुन्हा वेढा. परवा आमच्या लिंबावर चढलेल्या पोराच्या कमरेला नायलॉनचा पट्टा होता, लोखंडी कड्या होत्या, पण चढण्याची रीत तीच. मला तर तो शिंदी काढणाऱ्याचाच नातू वाटला.

या शिंदीच्या झाडांनी आमच्या मुक्तिसंग्रामातही भाग घेतला, म्हणजे जीव देऊन घेतला. १९४७ साली स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा पुकारला. ७ ऑगस्टला भारतीय संघराज्यात सामील व्हा म्हणून दिन पाळला गेला आणि त्यानंतर गावोगाव जे कार्यक्रम झाले त्यांत जंगल सत्याग्रह होता, लेव्हीचं धान्य न देणं होतं आणि शिंदीची झाडं तोडणंही होतं. सरकारचं उत्पन्न बुडवायचं, तर त्या उत्पन्नाच्या मुळावरच घाव घालायचा. आंब्याची, चिंचेची फांदी तोडली तर झाड पुन्हा फुटतं. शिंदीचं तसं नाही. तिचा वाढीचा डोळा एकच, शेंड्यात. शेंडा गेला की झाड संपलं. वडील सांगत की रात्री कुऱ्हाडी घेऊन लोक ओढ्याकडे जात, आणि सकाळी गावात त्याबद्दल कुणी बोलत नसे. कुऱ्हाडी घरच्याच. त्याच कुऱ्हाडीने सकाळी बायका सरपण फोडत.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आलं. त्या वर्षी हैदराबादेत भारत सरकारचे एजंट जनरल होते कन्हैयालाल मुन्शी. हेच मुन्शी पुढे केंद्रात अन्न व शेती मंत्री झाले आणि १९५० च्या जुलैत त्यांनी वनमहोत्सव सुरू केला. झाडं तोडण्याचा सत्याग्रह ज्यांच्या डोळ्यांदेखत चालला, त्यांनीच दोन वर्षांनी देशाला झाडं लावायला सांगितली. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे, पण हसू देत असे; सन लक्षात राहतो.

आता खऱ्या लाकडाकडे वळू. माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या आसपास, बांधावरची जुनी बाभूळ ही शेतकऱ्याची गंगाजळी होती. मुलीचं लग्न निघालं, कोर्टाची तारीख आली की वखारवाल्याला निरोप जाई. तो येऊन बुंध्याला मिठी मारी (हो, मिठीच, किती वितीचा घेर आहे ते असं मोजत), सौदा होई आणि इसाराचे पैसे हातावर ठेवले जात. तोडणारी माणसं त्याची, गाडी त्याची. मालकाने सावलीत बसून पाहायचं. बाभळीला मागणी किती! गाडीच्या चाकाचा तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे, औताचा बराच भाग बाभळीचा. उरलंसुरलं चुलीला आणि वीटभट्टीला. चांगलं लाकूड असेल तर सुतार ते काही महिने पाण्यात बुडवून ठेवायला सांगे, म्हणजे पुढे किडा लागत नाही. अवसेच्या सुमारास तोडलेलं लाकूड टिकतं असंही म्हणत. अवसेचं मला माहीत नाही. पाण्याचं खरं आहे, लाकडातलं किड्याचं खाद्य धुऊन जातं.

दुसरी मागणी घरांची. आमच्याकडची माळवदाची घरं तुम्ही पाहिली असतील. दगडमातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांब, तुळया, वर किलच आणि त्यावर हात-दीड हात माती. घर किती मोठं हे खणांवर मोजायचं: पाच खणांचं, सात खणांचं. ऐपतदाराकडे सागवान, तेही किनवटच्या जंगलातलं. (किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, हे आता नांदेडच्या मुलांनाही सांगावं लागतं.) बाकीच्यांकडे लिंब आणि बाभूळ. लिंबाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून त्याला मान.

तोडण्याची हत्यारं अगदी मोजकी. कुऱ्हाड, करवत, पाचर, घण, पहार, दोर. कुऱ्हाडीचं पातं लोहार बनवी. पुढे पुढे मोटारीच्या जुन्या पाट्यापासून. पातं तापवून पाणी देण्यात त्याचं सगळं कसब. जास्त पाणी दिलं तर धार तुकड्यातुकड्याने उडते, कमी दिलं तर वळते. दांडा धावड्याचा मिळाला तर उत्तम. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण मी हजार वेळा फळ्यावर लिहिली असेल, पण दांड्याचं लाकूड कोणतं, हे मला विचारलं एकाच मुलाने, आणि तो लोहाराचा नव्हता, तहसीलदारांचा होता. असो. मोठं खोड कापायला दोघांनी ओढायची लांब करवत. इथे जोरापेक्षा जोडी महत्त्वाची. करवत ओढायची असते, ढकलायची नसते; ढकलली की पातं वाकतं आणि समोरच्याच्या शिव्या पडतात.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच खरं तर लिहायला बसलो.

१९९१ साल. मी होतो त्या शाळेच्या पटांगणात एक लिंब होता. जुन्या वनमहोत्सवातला, पंचवीसेक वर्षांचा, भरदार. मुलं त्याच्याखाली डबा खायची. त्याच्या दोन फांद्या वर्गाच्या पत्र्यांवर आल्या होत्या. पाला साचून पन्हळ तुंबे, पावसात वर्ग गळे. झाडाबिडांचं खातं माझ्याकडे. शाळेकडे छाटणीला पैसे नव्हते, पत्रे दुरुस्त करायलाही नव्हते. मी बाजारातून एक झाडतोड्या शोधला. तो म्हणाला, "पैसे नगं सर, निघंल ते लाकूड माझं." मला आनंद झाला. शाळेचा एक पैसा खर्च न होता काम! मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. मी त्याला दोन्ही फांद्या दाखवल्या आणि तासाला गेलो. व्याकरणाचा तास होता, समास शिकवत होतो. बाहेर कुऱ्हाडीचा आवाज येत होता.

मधल्या सुट्टीत येऊन पाहतो तर पाच फांद्या खाली. सगळ्यांत जाड त्या पाच. आणि बुंध्याला अगदी घासून, गुळगुळीत तोडलेल्या. एका ठिकाणी फांदी पडताना साल हातभर खाली सोलत आली होती. मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, दोन फांद्यांत चार माणसांची मजुरी कशी निघंल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेब त्याचाच बरोबर होता. मजुरी लाकडात ठरवली मी, आणि वर छाटणी बेताची व्हावी अशी अपेक्षा धरली. लाकडावर पोट असणारा माणूस दोन फांद्यांवर थांबेल कसा?

मग मी स्वतः शिडी लावून त्या पाची जखमांवर गेरू आणि डांबर लावलं. एनसीसीच्या मुलांनी शिडी धरली होती. आपण झाडाचं भलं केलं असं वाटलं. लांबून फार व्यवस्थित दिसत होतं.

१९९८ च्या जून महिन्यात, एका रविवारी संध्याकाळी वळवासारखा वारा सुटला आणि तो लिंब बुंध्यापासून हातभर वर मोडून पडला. नेमका पटांगणाच्या बाजूला, डब्यांच्या जागेवर. रविवार होता. सोमवारी सकाळी शाळेत गेलो तेव्हा मुलं त्या आडव्या झाडावर चढून खेळत होती. मी मोडलेला भाग पाहिला. आतून सगळा पोकळ, भुगा झालेला, तपकिरी. बाहेरून एक वीतभर जिवंत लाकूड आणि हिरवागार पाला. त्या दिवशी मी एकही तास नीट घेतला नाही.

त्या झाडाचं आत नेमकं काय झालं, हे मला निवृत्तीनंतर वाचनातून कळलं. अमेरिकेत अ‍ॅलेक्स शिगो नावाचे वनसंशोधक होऊन गेले (१९३०-२००६). सरकारी वन खात्यात होते. त्यांच्याआधीचे लोक झाडाचे आडवे काप पाहत. शिगोंनी यांत्रिक करवतीने हजारो झाडं उभी चिरून पाहिली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. त्यांना दिसलं की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाहीच. कुजलेला भाग झाड दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती आतून भिंती घालतं, कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. १९७७ च्या सुमारास त्यांनी हा विचार पुस्तिकेच्या रूपाने मांडला. फांदी जिथून निघते तिथे एक फुगीर वळी असते, लहान बाळाच्या मनगटाला असते ना, तशी. झाडाची भिंत घालण्याची सगळी तयारी तिथे असते. फांदी त्या वळीच्या बाहेरून तोडली तर झाड जखम बंद करू शकतं. वळीसकट, बुंध्याला घासून गुळगुळीत तोडली तर त्याचं हत्यारच काढून घेतल्यासारखं होतं. आणि डांबर? शिगोंच्या मते त्याने कूज थांबत नाही. माणसाच्या मनाचं समाधान होतं तेवढंच. हे वाचलं तेव्हा मला माझी शिडी आठवली.

शिगोंना हे शक्य झालं ते यंत्रामुळे. हाताच्या करवतीने झाड उभं चिरत बसले असते तर आयुष्य गेलं असतं. त्या यंत्राची गोष्टही मजेशीर आहे. जर्मनीत स्टुटगार्टच्या आंद्रियास श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळीची करवत बनवली. वजन जवळपास ४८ किलो, दोघांनी उचलायची! तीन वर्षांनी पेट्रोलवरची आली, तीही तशीच जड. एका माणसाला पेलेल असं यंत्र त्यांच्या कारखान्यातून १९५० मध्ये निघालं. तरी साखळीचे दात साध्या करवतीसारखेच असत, लवकर बोथट होत. १९४६ मध्ये ओरेगनमधले जो कॉक्स नावाचे लाकूडतोडे सरपण फोडताना एका लाकडात शिरलेली भुंग्याची अळी निरखत बसले. अळी सरळ पोखरत नव्हती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तोंड फिरवत पुढे जात होती. कॉक्सनी तसेच, एक डावा एक उजवा, आकड्यासारखे दात असलेली साखळी बनवली आणि पुढल्या वर्षी धंदा काढला. आज आपल्याकडच्या कटरची साखळीसुद्धा त्याच कुळातली. ज्या अळीला आपले सुतार जन्मभर शिव्या देत आले, तिच्याकडून त्या माणसाने धडा घेतला.

आमच्या विद्यार्थ्याने मला परवा हे यंत्र उघडून दाखवलं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मापून मिसळायचं, अंदाजाने नाही. साखळीला वेगळं तेल. दर दाताला गोल कानस, सगळ्या दातांना सारखेच हात. "धार गेली कसं कळतं?" मी विचारलं. "भुसा बघायचा, गुर्जी. पिठासारखा पडू लागला की धार गेली. जाडजाड टवके उडूलाले की मशीन खूश." पात्याचं वरचं टोक लाकडाला लागलं की यंत्र उलटं तोंडावर येतं, हे त्याने दोनदा सांगितलं, एका पोराच्या हनुवटीवर खूण होती, ती दाखवून.

मग त्याने धंद्याच्या गोष्टी सांगितल्या. मी त्याला भागाकार शिकवला होता. परवा त्याने मला शिकवलं. झाडाचा भाव झाड पाहून करायचा नाही, झाडाखाली काय आहे ते पाहून करायचा. उघड्या रानातला मोठा वड परवडतो, पण पत्रा, तार आणि टाकी यांच्यामधली शेवग्याची फांदी नाही परवडत. परवानगीचा कागद आधी हातात, मग कुऱ्हाड. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, चंदन असल्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याने परवानगी लागते, आणि नगरपरिषदेच्या हद्दीत तर १९७५ च्या कायद्याखाली. २०२१ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांच्या वरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं गेलं आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायची अट आली. "मालक म्हणतो, तू तोड, मी बघतो. कुणी बघत नसतंय, गुर्जी. मशीन जप्त माझं होतंय."

आणि चढणाऱ्या पोराला तो रोजाने पैसे देतो, फांदीवर नाही. पूर्वी उक्तं देत होता, फांदीमागे इतके. पोरं घाई करायची, पट्टा न बांधता या फांदीवरून त्या फांदीवर जायची. दोन वर्षांपूर्वी एकजण पडला, पाय मोडला. तीन महिने त्याच्या घरचं धान्य आणि नांदेडच्या दवाखान्याचं बिल यानेच भरलं. "तवापासनं उक्तं बंद. रोज दिला की पोरगं सावकाश चढतंय." हे ऐकताना मला १९९१ मधला तो झाडतोड्या आठवला. त्याला मी रोज दिला असता तर? चार माणसांचा एक दिवसाचा रोज. शाळेकडे नव्हता हे खरं. पण स्टाफरूममध्ये आम्ही अकराजण होतो.

लाकडाचा भाव असा का पडला, तेही त्याच्याशी बोलताना थोडं उलगडलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची माती यांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर आमच्या भागात नवं माळवद बांधायची हिंमत कोण करणार? तुळया, किलच यांची मागणी गेली. बैलगाडीला त्याआधीच टायरची चाकं आली होती, मग बैलच कमी झाले. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा जंगलांबद्दलचा मोठा आदेश आला आणि विनापरवाना आरागिरण्यांवर टाच आली. २०१६ पासून उज्ज्वलाच्या टाक्या खेडोपाडी गेल्या. चूल विझली नाही, पण ओली फांदी फोडून वाळवण्याइतकी गरज पुष्कळ घरांत राहिली नाही. भट्टीवाला बाभळीचा बुंधा अजून घेतो. लिंबाचा डहाळा कुणी घेत नाही. म्हणून आता लाकूड हा मोबदला राहिला नाही, तो कचरा झाला, आणि कचरा उचलायचे पैसे पडतात.

मला याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण तो पोरगा वर चढला, कमरेचा पट्टा बांधला आणि फक्त सांगितलेली फांदी कापली. त्याला जास्तीची फांदी तोडून काही मिळणार नव्हतं. आधी फांदीला दोर बांधून वरच्या बेचक्यातून खाली सोडला. मग बुंध्यापासून हातभर लांब, खालच्या बाजूने एक खाच घेतली. मग थोडं पुढे वरून कापलं. फांदी अलगद मोडली, दोराला लटकली आणि तुळशीवृंदावनाला धक्का न लावता खाली आली. साल इंचभरसुद्धा सोलली नाही. शेवटी उरलेला खुंट त्याने वळीच्या बाहेरून काढला. मी खालून ओरडलो, "वळी राहू दे रे!" वरून उत्तर आलं, "ठाऊक हाय, आबा." त्याला कुणी शिकवलं? मालकाने. मालकाला? एका कृषी अधिकाऱ्याने डाळिंबाच्या छाटणीच्या वेळी. शिगोंचं नाव त्या दोघांनीही ऐकलेलं नव्हतं.

काम झाल्यावर तो चहाला बसला. मी त्याला शाळेतल्या त्या लिंबाची गोष्ट सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशीच, डांबरासकट. तो १९९८ मध्ये सातवीत होता. बशीतला चहा संपवून म्हणाला, "तो लिंब पोकळ होता की गुर्जी. सगळ्या पोरांना ठाऊक होतं. वरच्या खाचेत हात घातला की कोपरापर्यंत आत जायचा. आम्ही गोट्या ठेवत होतो तिथं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गोट्या जप्त झाल्या असत्या."

साडेतीन हजार दिले. पाचशे त्याने काही केल्या घेतले नाहीत, त्यामुळे मीही लाकूड न्या म्हणालो नाही. ते अजून परसात भिंतीला टेकून पडलं आहे. जवळपास कुणाला हवं असेल तर घेऊन जा, ओलं आहे, महिनाभर वाळवावं लागेल.